चोपन्न वजा चाळीस

सोमवारी दुपारी मेव्हण्यांचा फोन आला तेव्हा मी मिलमध्ये होतो. मेव्हणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. आमच्या मुलीची सोयरीक त्यांनीच जुळवली होती. सळया लाटणाऱ्या यंत्रांच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून बाहेर वजनकाट्यापाशी येऊन बोललो.

"दाजी, पोरीच्या बोटाचं माप लागतंय. तिकडचे लोक अंगठी करायला टाकून राह्यले. शुक्रवारपर्यंत नंबर द्या मला."

"आज संध्याकाळी सराफ्यात घेऊन जातो तिला," मी म्हणालो.

"बिलकुल न्हाई! सराफ्यात गेले की चार ओळखीचे भेटतात. साखरपुडा होईस्तोवर बात फुटायला न्हाई पाहिजे. मोडता घालणारे टपूनच असतात. घरीच घ्या माप. तुम्ही तर मापाचेच माणूस."

हे त्यांचं म्हणणं खरं होतं. जालन्यातल्या एका सळईच्या कारखान्यात मी तेवीस वर्षं तपासणीचं काम करतो. एका सळईची जाडी मी तीन ठिकाणी मोजतो, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. असे सहा आकडे झाले की त्यांची सरासरी काढतो. एकदाच घेतलेल्या मापावर मी सही करत नाही. या सवयीचं घरात पुष्कळ हसं होतं, पण कारखान्यात माझ्या सहीचा माल परत आलेला नाही.

अंगठीचा हिशेब मला एका कारागिराने पूर्वी सांगितला होता. बोटाचा घेर मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि त्यातून चाळीस वजा करायचे. उरतो तो साधारण सोनाराचा नंबर. घेर बावन्न आला तर नंबर बारा. इतकं सोपं काम, ते घरी करायला काहीच हरकत नव्हती.

मुलगी सहा वाजता कामावरून आली. ती बियाण्यांच्या प्रयोगशाळेत उगवण तपासते. चारशे दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे आणि ठरलेल्या दिवशी उघडून कोंब मोजायचे, हे तिचं काम. मोजण्याच्या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे. मी तिला खुर्चीत बसवलं, डावा हात टेबलावर ठेवायला सांगितला आणि करंगळीशेजारच्या बोटाला जाडी मोजायचा व्हर्नियर लावला.

"अहो, ती काय सळई आहे का?" बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

व्हर्नियर काही उपयोगाचा ठरला नाही. बोट मऊ असतं आणि गोलही नसतं. आडवं माप एक आलं, उभं दुसरंच. मग मी वहीच्या कागदाची पाच मिलिमीटर रुंद पट्टी कापली, बोटाच्या बुडाशी गुंडाळली, जिथे टोक आलं तिथे पेन्सिलीने खूण केली आणि पट्टी पोलादी पट्टीवर ठेवून वाचली. चोपन्न. पुन्हा घेतली, चोपन्न. तिसऱ्यांदा साडेचोपन्न. पट्टी बोटाच्या सांध्यावरून आरामात सरकत होती. म्हणजे नंबर चौदा.

"झालं?" मुलीने विचारलं.

"आज झालं. उद्या सकाळी एकदा घेऊ. संध्याकाळी उन्हाने बोटं सुजलेली असतात."

हात मागे घेऊन तिने ओढणीत गुंडाळला.

त्याच दिवशी मी मेव्हण्यांना चौदा सांगून मोकळा झालो असतो. तसं झालं असतं तर पुढचं काही मला कळलंच नसतं.

मंगळवारी सकाळी माप आलं त्रेपन्न. सकाळी बोट थोडं बारीक असतं हे मला माहीत होतं, म्हणून नवल वाटलं नाही. बुधवारी संध्याकाळी बावन्न. "पट्टी मी धरते, तुम्ही फक्त खूण करा," असं त्या दिवशी ती म्हणाली आणि मी धरू दिली. गुरुवारी संध्याकाळी साडेपन्नास. मी वहीत चार ओळी लिहिल्या होत्या: वार, वेळ, तीन वाचनं, सरासरी. चार दिवसांत साडेतीन मिलिमीटर. चौदा नंबरचं बोट साडेदहावर आलं होतं.

मिलमध्ये सळई दिवसागणिक जाड होत गेली तर मी घाबरत नाही. सळई दाबून काढणारा रोल झिजतो, त्याची खाच मोठी होते, सळई जाड यायला लागते. ते नैसर्गिक आहे. पण सळई बारीक होत गेली, तर मी सरळ उठून रोलपाशी जातो. सळई आपोआप बारीक होत नाही. कोणीतरी पेच आवळलेला असतो.

गुरुवारी मी वही मिटली आणि मुलीचं बोट हातात घेतलं. ते गार होतं. नुसतं गार नाही, माठाला हात लावल्यासारखं.

"हात एवढा गार कसा?"

"भांडी घासली."

मे महिना होता. आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी संध्याकाळी सहालासुद्धा हाताला चटका देतं. बायको त्या पाण्यात डाळ भिजवत नाही, शिजेल म्हणते. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. मोरीत स्टीलचं पातेलं होतं, त्यात बर्फाचे चार-पाच तुकडे विरघळत पडले होते. फ्रीजमधला बर्फाचा ट्रे रिकामा होता.

परत आलो. ती तशीच बसली होती, हात टेबलावर ठेवून.

"किती वेळ धरला होतास?" मी विचारलं. माझा पहिला प्रश्न हाच होता, हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

"दहा मिनिटं. काल पाच."

"आणि पट्टी?"

"ओढून धरली."

"कशासाठी?"

तिने माझ्याकडे न बघता सांगितलं. "अंगठी लहान झाली असती. सगळ्यांसमोर सांध्यावर अडकली असती. मग कोणीतरी म्हणालं असतं, अपशकुन झाला. कोणीतरी म्हणालं असतं, आज राहू द्या. मला एवढंच पाहिजे होतं, पप्पा. दुसऱ्या कोणीतरी म्हणावं."

बायको दारात येऊन उभी राहिली होती. हाताला पीठ होतं.

"कोणी न्हाई म्हणालं असतं," ती म्हणाली. "साबण लावून घातली असती. माझी तशीच घातल्ती."

तिने डावा हात वर केला. ती अंगठी माझ्या घरच्यांनी केलेली, लग्नात, माप न घेता, अंदाजाने. सव्वीस वर्षं ती त्या बोटात आहे. अंगठीच्या दोन्ही बाजूंनी बोट फुगलेलं आहे आणि मधे खाच पडली आहे. ती मी रोज बघत आलो होतो. पोरीचं बोट चार दिवसांत बारा वेळा मोजलं, त्या बोटाला मी कधी पट्टी लावली नव्हती.

"तू गप बस," मी बायकोला म्हणालो, आणि मुलीला विचारलं, "मग त्या दिवशी हो कशाला म्हणालीस?"

तो दिवस इथे सांगायला पाहिजे. मुलगा पुण्यात नोकरीला, घर टेंभुर्णीला, शेती आणि अडतीचं दुकान. माणसं चांगली वाटली होती, आजही मी त्यांना वाईट म्हणणार नाही. बघायला अकरा जण आले होते. त्या दिवशी सकाळी मुलगी मला म्हणाली होती, "नोकरीचं तुम्ही बोला. लग्नानंतर मी काम करणार, एवढंच. मी बोलले तर आगाऊ दिसेल." मी म्हणालो होतो, बोलतो.

चहा झाल्यावर मी विषय काढलाही. मुलाची आई हसून म्हणाली, "नोकरीचं मंग बघू की. आधी घराला लागू द्या पोरीला." सगळे हसले. मीही हसलो. मग मेव्हण्यांनी मुलीला हाक मारली, "काय बाई, पसंत हाय ना?" तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती हो म्हणाली. सुपारी झाली, साखर वाटली. या सगळ्याला पाऊण तास लागला.

"तुम्ही पुढे काही बोलाल म्हणून मी बघत होते," मुलगी आता म्हणाली. "त्या बघू म्हणाल्या आणि तुम्ही थांबलात. मग मान हलवलीत. अकरा माणसांसमोर मी एकटीनं काय बोलू?"

मिलमध्ये एखाद्याने तपासणीच्या कागदावर 'बघू' असं लिहून दिलं तर मी तो कागद त्याच्या तोंडावर परत करीन. आकडा लिही म्हणेन.

त्या संध्याकाळी आम्ही जेवलो. माझ्या डोक्यात एकाच वेळी सगळी माणसं उभी होती. मेव्हण्यांनी शब्द दिलेला. त्यांच्या कुंभार पिंपळगावात त्यांना असलेला मान. दोन्हीकडच्या जवळच्यांना तारीख कळवलेली. दुसऱ्या बाजूला टेबलावर ठेवलेला तो गार हात. मी सुटायची वाट शोधत होतो आणि खरं सांगायचं तर मुलीसाठी नाही, स्वतःसाठी शोधत होतो. कोणाला नाही न म्हणता ही गोष्ट थांबावी, असं काहीतरी मला पाहिजे होतं. म्हणजे पोरीने जे बर्फाच्या पातेल्यात शोधलं, तेच मी वहीत शोधत होतो.

शेवटी मी ठरवलं की नंबर द्यायचाच नाही. माप नाही तर अंगठी नाही. अंगठी नाही तर तारीख पुढे जाईल. तारीख पुढे गेली तर विचार करायला वेळ मिळेल. बारा आकडे वहीत असताना मी असा विचार केला.

शुक्रवारी सकाळी मेव्हण्यांचा फोन आला.

"भाऊ, माप काही जमेना," मी म्हणालो. "रोज वेगळं येतंय. चुकीचं देण्यापेक्षा थोडे दिवस थांबू."

ते खो खो हसले. "तुम्हाला जमेना? कमाल झाली दाजी! बरं, सोडा. ते लोक मला कालच म्हणाले, खुल्या तोंडाची करतो. खालून जरा फट ठेवायची, दाबली की बारीक, ओढली की मोठी. कोणाच्या पण बोटात बराबर बसते. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

"पण नंबर..."

"नंबर लागतच न्हाई म्हणतो ना. जल्दी जल्दी बाकीचं उरका. आहेराचं बघा."

फोन ठेवला तेव्हा मी वजनकाट्याच्या कठड्याला धरून उभा होतो. समोर ट्रक लागला होता, ड्रायव्हर पावतीसाठी ओरडत होता. चार दिवस मी ज्या मापाला धरून बसलो होतो आणि पोरगी ज्या मापाशी झगडत होती, ते कोणाला नकोच होतं. बोट केवढंही असलं तरी ती अंगठी जाणार होती. इतकं कोंडल्यासारखं मला आधी कधी झालं नव्हतं. भट्टीसमोरसुद्धा दार कुठे आहे ते माहीत असतं.

घरी गेल्यावर मी मुलीला गच्चीवर बोलावलं. टाकीच्या सावलीत उभं राहून विचारलं, "नोकरीचं त्यांनी पक्कं कबूल केलं, तर तुला हे स्थळ चालेल?"

तिने बराच विचार केला. "कबूल केलं आणि कधीपासून ते सांगितलं तर चालेल. मुलगा वाईट नाही."

"आणि बघू म्हणाले तर?"

"तर नाही. पण हे 'नाही' मी म्हणायचं की तुम्ही?"

"मी," मी म्हणालो. याच घरात एकदा मी असंच 'बोलतो' म्हणालो होतो, हे तिच्या तोंडावर दिसलं. पण ती तसं म्हणाली नाही.

शनिवारी माझी सुट्टी असते. सकाळी नऊ वाजता मी मुलाच्या वडिलांना फोन लावला. बायको समोर बसून मेथी निवडत होती. मुलगी कामावर गेली होती.

"बोला पाहुणे!" ते आनंदात होते. "अंगठी तयार हाय बरं का. फोटो धाडतो."

मी म्हणालो की अंगठीचं नाही, नोकरीचं बोलायचंय. मुलीला काम करायचं आहे, ते त्या दिवशी नीट बोलणं झालं नाही.

"अहो, ते झालं ना बोलणं. बघू म्हणलं ना आम्ही."

"बघू म्हणजे कधी?"

"म्हणजे... मंग. घर लागू द्या, सगळं बसू द्या."

"सहा महिने? वर्ष? मला एक आकडा सांगा. मी तो मुलीला सांगतो, ती तो पाळील."

ते हसले, मग हसू थांबलं. "पाहुणे, पोरीच्या सोयरिकीत कोणी असं आकडे मागतं का? आमच्या घरात बायांनी अजून नोकरी केली न्हाई. पोराच्या आईच्या मनात न्हाई. पुढचं पुढं. असं लिहून देता येत न्हाई."

मी बायकोकडे बघितलं. ती मेथी निवडायची थांबली होती, पण मान वर केली नाही.

"मग आम्हाला हे जमणार नाही," मी म्हणालो. "चूक माझी आहे. मला त्याच दिवशी विचारायला पाहिजे होतं. मुलीला मी आत्ता विचारलं, तिचं उत्तर 'नाही' असं आहे."

मग ते सावकाश म्हणाले, "तुमचे मेव्हणे सांगत होते, लई मापाचा माणूस हाय म्हणून. स्वतःच्या पोरीच्या मनाचं माप घ्यायला सुपारी फुटेस्तोवर वेळ न्हाई मिळाला व्हय तुम्हाला?"

त्यांनी फोन ठेवला.

अर्ध्या तासात मेव्हण्यांचा आला. त्यांनी काय काय म्हटलं ते सगळं लिहीत नाही. शेवटचं एवढंच, "आता तुमच्या पोरीसाठी मी कुठं शब्द टाकणार न्हाई, दाजी. आणि घरी पण येणार न्हाई." ते बायकोचे सख्खे भाऊ. ती माझ्यासमोरच बसली होती आणि फोनवर त्यांचा आवाज तिला ऐकू येत होता.

फोन बंद झाल्यावर ती म्हणाली, "माझा भाऊ तोडला तुम्ही."

"मुलीला नको होतं ते."

"मला कोणी इचारलं होतं?" ती म्हणाली. "मला पण न्हाई इचारलं. मंग मी काय मेले का?" आणि मेथीची टोपली उचलून आत गेली.

नऊ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली आणि मुलीशी तेवढंही नाही. चार खोल्यांच्या घरात तीन माणसं एकमेकांना वाट देत फिरत होती. मला वाटलं होतं की नाही म्हटल्यावर मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. मुलगी वेळेवर कामावर जायची, वेळेवर यायची, आणि आपल्यामुळे हे झालं अशा चेहऱ्याने ताट घासून ठेवायची. मधेच कळलं की त्या मुलाचं दुसरीकडे जमलं, घनसावंगीकडे. अंगठी खुल्या तोंडाची असल्यामुळे तीच चालली असणार.

दहाव्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, मी टेबलापाशी बसलो होतो. बायको येऊन समोर बसली. डावा हात टेबलावर ठेवला, मुलगी ठेवत होती तसा.

"ही निघते का बघा," ती म्हणाली. "उन्हाळ्यात लई ठणकते."

"कधीपासून ठणकते?"

"लई वर्षं झाली."

मी साबण आणला. मग दोरा आणला, बोटाला गुंडाळून अंगठीखालून टोक काढलं आणि हळूहळू सोडवत गेलो. असं कुठेतरी बघितलं होतं. अंगठी सांध्यापर्यंत आली आणि तिथे थांबली. बायकोने ओठ दाबून धरले होते.

"दुकानात जाऊन कापून घेऊ," मी म्हणालो.

"कापायची? न्हाई. लग्नातली हाय. राहू द्या मंग." ती हात ओढून घ्यायला लागली.

मुलगी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती स्वयंपाकघरात गेली. ट्रे आपटल्याचा आवाज आला. मग स्टीलचं पातेलं घेऊन आली, बर्फ आणि माठातलं पाणी घातलेलं, आणि ते आईसमोर ठेवलं.

"दोरा नंतर, पप्पा. आधी सूज उतरू द्या." तिने आईचा हात मनगटाला धरला आणि पाण्यात बुडवला. "दहा मिनिटं. मधे काढायचा नाही."

"हाय हाय, गार किती!" बायको ओरडली, पण हात काढला नाही. "तू कसा धरत होती गं?"

"पहिली दोन मिनिटं लागतं. मग नाही."

मी घड्याळ बघत बसलो. मुलीने आईचं मनगट सोडलं नव्हतं. दहा मिनिटं झाल्यावर हात बाहेर काढला, पुसला, साबण लावला आणि मुलीनेच अंगठी धरली. सांध्यावरून ती आली नाही. पण बोटात गोल फिरली. इतकी वर्षं ती जागची हललीसुद्धा नव्हती.

बायको ते बघत राहिली. मग उठली.

"उद्या परत धरू," ती मुलीला म्हणाली. "ट्रे भरून ठेव. भाकरी राहिल्यात माझ्या."